स्पिटफायर मार्क ३ ची दाराची आतली हँडलं: कुठली घ्यावीत, काय बघून घ्यावीत?

नटबोल्ट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९६८ ची. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं मार्गी लागलंय आणि आता अडलोय कुठे तर दाराच्या आतल्या हँडलांवर. ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल बुंध्यापाशी, म्हणजे दांडीवर बसतं तिथेच तडकलंय, फिरवलं की आधी नुसतं हलतं आणि मग कधीतरी दार उघडतं. दुसऱ्या बाजूचं शाबूत आहे पण क्रोमला फोड आलेत, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. नेटवर शोधलं तर कोणी "स्पिटफायर" म्हणून विकतंय, कोणी "हेराल्ड" म्हणून, कोणी "जीटी६" म्हणून आणि फोटोत सगळी एकसारखी दिसतात. नवीन बनवलेली घ्यावीत, जुनी वापरलेली घ्यावीत की आहेत तीच दुरुस्त करावीत? दोन्ही बदलायची तयारी आहे. सध्या छत उघडं असलं की हात बाहेर काढून बाहेरच्या बटणाने दार उघडतो, त्यामुळे घाई नाही.

स्पॅनरवाला

घाई नाही कशी, छत लावलेलं असताना आणि काच वर असताना आत अडकलात तर? आतून दार न उघडणारी गाडी मी तरी रस्त्यावर काढणार नाही. असो. हँडल काढलंत का अजून? काढलं नसेल तर आधी ते काढा, मागून फोटो टाका. पुढून फोटो बघून कोणीच काही सांगू शकणार नाही.

नटबोल्ट

काढलं नाही, कारण स्क्रू दिसतच नाहीये कुठे. ओढून बघितलं, येत नाही.

तेलकट_हात

ओढू नका!! त्याला स्क्रू नसतोच. हँडलच्या मागे गोल चकती आहे ना, ती दाराच्या पॅडकडे (दाराचं आतलं आवरण) दोन्ही अंगठ्यांनी आत दाबायची, पॅडच्या मागे स्प्रिंग असते त्यामुळे ती आत जाते, मग हँडलच्या मानेत आडवी गेलेली बारीक पिन दिसेल. बारीक पंच नाहीतर टोक घासलेला खिळा घेऊन ती पिन दुसऱ्या बाजूने ढकलायची. दोन हात चकतीला लागतात आणि तिसरा पिनला, तेव्हा कोणाला तरी मदतीला बोलवा. पिन सुटली की हँडल सरळ बाहेर येतं. खाली फडकं अंथरा, कारण पिन उडाली की ती गेलीच. काच फिरवायचं हँडल पण तसंच निघतं.

हे ट्रायम्फचं झालं. एमजीबीच्या काचेच्या हँडलला मधोमध स्क्रू असतो, आणि बऱ्याच अमेरिकन गाड्यांत मागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, ती हँडल आणि चकतीच्या मधे फडकं घालून मागेपुढे ओढून काढतात. म्हणून कोणी नेटवर व्हिडिओ बघून "क्लिप काढायचं टूल घ्या" म्हणाला तर घेऊ नका, या गाडीला ते काही कामाचं नाही.

चाकवेडी

धागा आवडीचा निघाला. माझ्याकडे जीटी६ आहे त्यामुळे याच गोंधळातून गेलेय.

तुम्हाला तीन नावांनी एकच वस्तू दिसतेय त्याचं कारण सोपं आहे. हेराल्ड आली १९५९ ला, मिकेलोटीचं डिझाइन, वेगळी चासी. तीच चासी आखूड करून १९६२ ला स्पिटफायर काढली, त्याच वर्षी हेराल्डमध्ये सहा सिलिंडर घालून व्हिटेस काढली आणि १९६६ ला जीटी६. कंपनी काही श्रीमंत नव्हती, त्यामुळे दिसतील न दिसतील असे बरेच पार्ट या चौघींत फिरवलेले आहेत. म्हणजे शोधताना फक्त "स्पिटफायर" टाकून शोधलं तर निम्मा माल दिसतच नाही. हेराल्ड टाका, व्हिटेस टाका. गंमत म्हणजे हेराल्ड म्हणून विकणारे लोक साधारण स्वस्तात देतात, स्पिटफायर म्हटलं की "स्पोर्ट्स कार" म्हणून भाव चढतो, वस्तू तीच असली तरी.

पण (हा मोठा पण आहे) सगळ्याच वर्षांना सगळंच बसतं असं समजू नका. आणि गाडीचं रजिस्ट्रेशन कुठल्या वर्षीचं आहे त्यावरून पार्ट मागवू नका, कमिशन नंबरवरून (कंपनीने गाडीच्या प्लेटवर दिलेला नंबर) मागवा. मार्क ३ चा नंबर एफडी ने सुरू होतो, आधीच्या दोन्ही मार्कचा एफसी आणि मार्क ४ चा एफएच. प्लेटवर बघा आणि विकणाऱ्याला तोच नंबर द्या.

नटबोल्ट

एफडी च आहे. पिनचं कळलं, उद्या काढतो. मदतीला मुलगा आहे.

जुनाटकाका

माझं मत विचाराल तर नवीन बनवलेल्यांच्या नादी लागू नका. शोधायचंच तर स्टॅनपार्टच्या खोक्यातलं शोधा. स्टॅनपार्ट म्हणजे स्टँडर्ड-ट्रायम्फचं स्वतःचं सुट्या भागांचं नाव, त्या काळातलं न वापरलेलं हँडल अजूनही कुठे कुठे निघतं, क्लबांच्या साठ्यात, जुन्या डीलरच्या माळ्यावर, गाड्यांच्या जत्रेत. वेळ लागतो, मान्य. पण हातात घेतलं की फरक कळतो, वजन वेगळं, कडा गुळगुळीत, क्रोम खोल. मी नवीन बनवलेली जी काही हाताळली त्यांत सांध्यावर ओतकामाची रेघ बोटाला लागते, क्रोम पातळ, आणि पिनचं भोक कुठेतरी तिरकं.

तेलकट_हात

काका, सगळी तशी नसतात हो. आणि खोकं जुनं म्हणजे आतला माल जुना असंही नाही, खोकी वेगळी विकली जातात हे तुम्हालाही माहीत आहे.

जुनाटकाका

ते आहेच. म्हणून तर खोक्याचा फोटो बघून नाही, हँडलच्या मागच्या बाजूचा फोटो मागवून घ्यावं.

ओतारी

मी डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबाने साच्यात ओतायच्या) धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, गाड्यांचं मला फार कळत नाही पण हँडल कशाचं आहे यावर बोलू शकतो.

ही हँडलं मझाकची असतात. मझाक म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि काही जातींत तांबं. ही मिश्रधातूंची घराणी अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमाराला आणली. ४०० अंशांच्या आतच वितळतं, साच्यात बारीकसारीक नक्षीसुद्धा उतरते, क्रोम चांगलं बसतं, त्यामुळे दाराची हँडलं, बॅजेस, आरशाचे पाय सगळं यातच. तोटा एवढाच की झटका सहन होत नाही, वाकण्याच्या आधी तुटतं.

जुन्या मझाकला "कीड" लागते असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे पण ते शिसं मिसळलेल्या अशुद्ध जस्तामुळे व्हायचं, आतून भेगा पडून वस्तू फुगते आणि भुगा होतो. शुद्ध जस्त वापरायला लागल्यावर तो प्रकार खूप कमी झाला. १९६८ चं हँडल एकाच जागी, दांडीपाशी तडकलंय आणि बाकीचं ठणठणीत आहे म्हणजे ही कीड नाही, जोर जास्त पडलाय.

दुरुस्तीचं म्हणाल तर वेल्डिंग विसरा. जस्ताच्या कांड्या मिळतात, कमी तापमानावर वितळणाऱ्या, पण त्यांचं आणि हँडलचं वितळण्याचं तापमान इतकं जवळ असतं की जोड बसायच्या आधी हँडलच वितळतं. इपॉक्सी लावून दिसायला जोडता येईल, पण बुंध्याशी पूर्ण पिळा पडतो, टिकणार नाही. ज्याला नुसते फोड आलेत ते मात्र वाचवता येईल.

नटबोल्ट

ओतारी साहेब, फोड आलेलं कसं वाचवायचं? इथल्या क्रोमवाल्याने फोटो बघूनच नको म्हटलं.

ओतारी

नको म्हणणारच, कटकटीचं काम आहे. फोड दिसतो तो वर, पण क्रोमच्या खाली जस्त खाल्लं गेलेलं असतं. जुनं क्रोम आणि निकेल उतरवायला जे वापरतात ते जस्तालाही खातं, त्यामुळे जपून करावं लागतं. मग खड्डे साफ करून, आधी सायनाइडच्या बाथमध्ये तांब्याचा पातळ थर (सरळ आम्लातल्या तांब्यात घातलं तर जस्त विरघळतं), मग आम्लातल्या तांब्याचा जाड थर देऊन खड्डे भरायचे, घासायचं, परत तांबं, परत घासायचं, मग निकेल आणि शेवटी क्रोम. चमक दिसते ती खरी निकेलची, क्रोम नुसता वरचा पापुद्रा. विचारताना "मझाकवर काम करता का" असं विचारा, "क्रोम करता का" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात.

आणि एक, थर चढल्यावर चौकोनी भोक आणि पिनचं भोक दोन्ही बारीक होतात. आधीच बुजवून घ्या किंवा नंतर बारीक कानस मारा, ठोकून बसवू नका.

पुढचा_गिअर

एवढा खटाटोप कशाला लोकहो, हँडल स्कॅन करा, थ्रीडी प्रिंट मारा, विषय संपला. पोर्शेसारखी कंपनी ९५९ चा क्लचचा रिलीज लिव्हर थ्रीडी प्रिंटिंगने बनवून विकते, २०१८ ला जाहीर केलं होतं. दाराचं हँडल काय चीज आहे त्यापुढे.

तेलकट_हात

पोर्शेने ते लेझरने धातूची पूड वितळवून, दाब-तपासणी करून बनवलंय रे भाऊ, टेबलावरच्या प्रिंटरवर नाही. घरच्या पीएलए प्लास्टिकने केलंस तर उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडेल, ६० अंशाच्या आसपासच ढिलं व्हायला लागतं ते. एबीएस किंवा एएसए ही प्लास्टिकं त्यापेक्षा बरी, पण बुंध्याला पिळा पडला की थर सुटणार.

चाकवेडी

प्रिंटचा उपयोग आहे पण वेगळ्या जागी. प्लास्टिकमध्ये प्रिंट काढून गाडीवर लावून बघायचं, माप बरोबर आहे ना, पॅडला घासत नाही ना, कोन नीट आहे ना. आणि पटलं की मेणासारख्या रेझिनमध्ये प्रिंट काढून त्यावरून पितळेत ओतून घ्यायचं. पितळ थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आकसतं, तेवढं मोठं प्रिंट करावं लागतं. पितळेवर क्रोम मझाकपेक्षा कितीतरी सोपं. माझ्या ओळखीत एकांनी असं करून घेतलंय, सुंदर झालंय, पण दोन हँडलांसाठी परवडत नाही, क्लबमधल्या दहाबारा लोकांनी मिळून केलं तर ठीक. या गाडीला नवीन बनवलेलं सहज मिळतं तेव्हा तर गरजच नाही. ज्या गाड्या मोजक्याच बनल्या त्यांच्यासाठी हा मार्ग.

ओतारी

बरोबर. फक्त पितळेचं हँडल तुटणार नाही म्हणजे मग आतलं काहीतरी तुटेल, हे लक्षात ठेवा.

पुढचा_गिअर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

मियाटामामा

अवांतर: माझ्याकडे पहिल्या पिढीची एमएक्स-५ आहे. माझदाने जपानमध्ये तिच्यासाठी स्वतःच रिस्टोरेशन सुरू केलं आणि बंद झालेले काही पार्ट परत बनवायला घेतले. टोयोटानेही सुप्राच्या ए७० आणि ए८० साठी पार्ट परत काढले, त्यात दाराची हँडलं आहेत. ब्रिटिश गाडीवाल्यांची कंपनीच राहिली नाही त्यामुळे तुम्हाला हे सुख नाही. 😀

जुनाटकाका

कंपनी राहिली नाही म्हणूनच तर बाहेरच्यांनी एवढं बनवलं. स्पिटफायर तीन लाखांवर बनल्या, गिऱ्हाईक आहे म्हणून माल आहे. तुमच्या जपानी गाडीचा पार्ट कंपनीने उद्या बंद केला की बसा.

सहज_वाचक

वाचतोय. अवांतरात अवांतर, मॉरिस मरीना म्हणून एक रटाळ सलून होती १९७१ ची, तिची बाहेरची दार-हँडलं लोटस एस्प्रिटवर आणि ट्रायम्फ टीआर७ वर आहेत. जेम्स बाँडच्या एस्प्रिटला मरीनाचं हँडल! तेव्हा स्वतःची गाडी स्पोर्ट्स कार असेल तरी शोधताना त्या काळच्या साध्या सलून गाड्यांकडे बघाच.

नटबोल्ट

काढलं! चकती दाबून पिन, अगदी सांगितलं तसंच. मागचं बघितलं तर चौकोनी भोकाचे कोपरे गोल झालेत आणि एका कोपऱ्यातून भेग निघून मानेपर्यंत आलीय. दारातली चौकोनी दांडी मात्र धारदार आहे. आता नवीन बनवलेलं मागवतो, जुनं शोधण्यात अर्थ नाही वाटत. काय काय मोजू?

तेलकट_हात

व्हर्नियरने चौकोनाची बाजू मोजा, दोन्ही दिशांनी, दांडीवर आणि शाबूत हँडलच्या भोकात. गाडी इंचातली आहे, मिलिमीटरमध्ये "जवळपास" बसणारं घेऊ नका, तेवढ्या फटीनेच कोपरे गोल होतात. मग पिनच्या भोकाचा व्यास, आणि भोकापासून हँडलच्या तोंडापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप कोणी घेत नाही आणि तिथेच घोळ होतो.

आणखी एक, चौकोनी दांडीवर हँडल चारच कोनांत बसू शकतं. भोकाचा चौकोन जर ओतताना जरा फिरला असेल तर हँडल आडवं न राहता नाक वर करून किंवा खाली पाडून बसतं आणि मग काहीही करा सरळ होत नाही. विकणाऱ्याकडून मागचा फोटो मागवा, जुन्याच्या शेजारी ठेवून तुलना करा. डावं-उजवं वेगळं आहे का तेही विचारून घ्या.

चाकवेडी

दाराचे पॅड नवीन आहेत का? जुन्या हार्डबोर्डच्या जागी जाड फोमवाले लावले असतील तर दांडी बाहेर कमी येते, चकती पुरेशी आत जात नाही आणि पिनचं भोक जुळतच नाही. मग लोक हँडलला दोष देतात. भोकाभोवतीचा फोम थोडा कापला की होतं.

नटबोल्ट

हो, पॅड नवीन आहेत, फोमवाले! बघतो.

स्पॅनरवाला

आता सगळ्यांनी हँडलवर एवढं लिहिलंय तर मी मूळ मुद्दा काढतो. नटबोल्ट, हँडल नसताना त्या चौकोनी दांडीला पाना लावून हलकेच फिरवून बघा, दार उघडं ठेवून, लॅच (दार अडकवून ठेवणारी खिट्टी) स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून. किती जोर लागतो?

नटबोल्ट

बराच. म्हणजे दोन बोटांनी होणारच नाही. पान्यानेही अडकून अडकून फिरतंय. दुसऱ्या बाजूचं दार मात्र हलकं आहे.

स्पॅनरवाला

तर मग तुमचं हँडल म्हातारपणाने गेलं नाही, दाराने मोडलंय. ओतारींनी "जोर जास्त पडलाय" म्हटलं ते हेच. नवीन लावाल आणि ते पण त्याच जागी तडकेल, मग इथे येऊन "नवीन माल भंगार असतो" म्हणून लिहाल आणि काका खूश होतील.

पॅड काढा. आत प्लास्टिकचा कागद असेल तर तो जपून सोडवा, नसेल तर नवीन लावायचाय, नाहीतर दारात शिरलेलं पाणी पॅड फुगवतं. मग बघा, हँडलची दांडी एका छोट्या यंत्रणेत जाते (रिमोट म्हणतात तिला), तिथून एक पट्टी किंवा दांडी मागच्या लॅचपर्यंत जाते. ती पट्टी सोडवा. आता लॅच हाताने चालवा, मग रिमोट वेगळा चालवा. दोघांपैकी कोण अडतंय ते लगेच कळेल. बहुतेक वेळा लॅच असतो, त्यात जुनं ग्रीस सुकून डिंक झालेलं असतं, वर धूळ. नुसता गंज सोडवायचा स्प्रे मारून सोडू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि परत घट्ट. काढून रॉकेलमध्ये भिजवा, ब्रशने साफ करा, वाळवा, मग थोडं लिथियम ग्रीस. स्प्रिंग तुटलीय का, पट्टीच्या टोकाची भोकं लांबट झालीत का तेही बघा.

परत लावताना रिमोटचे स्क्रू लगेच आवळू नका. लॅच बंद असताना पट्टीवर ताण नको आणि ढिलाईही नको, अशी जागा शोधून मगच आवळा. ताण राहिला तर लॅच अर्धवट सुटलेलं राहतं, आणि खड्ड्यात दार उघडणं हे हँडल तुटण्यापेक्षा वाईट. शेवटी दार आणि खांबावरचा स्ट्रायकर (ज्यात लॅच अडकतो तो भाग) नीट जुळतोय का बघा, दार आपटून लावावं लागत असेल तर उघडतानाही जोर लागणार.

ओतारी

+१

जुनाटकाका

मी काही खूश वगैरे होणार नव्हतो. पण मुद्दा बिनतोड आहे.

मियाटामामा

रच्याकने (बाय द वे), हे माझ्या गाडीलाही लागू आहे का? माझं आतलं हँडल दांडीवर फिरत नाही, ओढायचं आहे.

स्पॅनरवाला

लागू आहे. ओढायचं असो, फिरवायचं असो, शेवटी एक तार किंवा दांडी लॅच ओढते. तुमच्यात टोकाला प्लास्टिकची छोटी क्लिप असेल, ती फुटली की हँडल हलतं आणि दार ढिम्म. हँडल मागवण्याआधी ती बघा.

नटबोल्ट

लॅच काढला. आत काळा डांबरासारखा थर होता आणि एका बाजूची स्प्रिंग गंजून तुटायला आली होती. साफ करून, स्प्रिंग बदलून, ग्रीस लावून बसवलाय, रिमोट स्लॉटमध्ये सरकवून ताण काढला. आता दांडी बोटांनी फिरते, पाना लागत नाही. पॅडच्या भोकाभोवतीचा फोम कापला. हँडलांचा निर्णय असा घेतला की एक जोडी नवीन बनवलेली घेतली, विकणाऱ्याने कमिशन नंबर विचारला आणि न सांगता मागचा फोटोही पाठवला म्हणून त्याच्याकडूनच. चौकोन दांडीवर घट्ट बसतोय, कोन आडवा आहे. क्रोम ठीकठाक, काकांना आवडणार नाही. शाबूत असलेलं जुनं हँडल मझाकवर काम करणारा क्रोमवाला मिळाला की त्याच्याकडे देईन, आणि तोपर्यंत स्टॅनपार्टचं एखादं जुळं दिसलं तर बघेन.

एकच राहिलंय. नवीन पिनी हँडलसोबत आल्यात त्या जरा सैल वाटतात, ढकलल्या की आपोआप मधोमध थांबत नाहीत. चालेल का?

तेलकट_हात

चालेल, तिला बाहेर पडू न देण्याचं काम चकतीचं आहे, ती स्प्रिंगने वर येऊन पिनेच्या दोन्ही टोकांना झाकते. फक्त पिन मानेच्या रुंदीपेक्षा लांब नको, नाहीतर चकती वर येणार नाही. लांब असेल तर कानशीने घासा. जुन्या पिनी टाकल्या नसतील तर त्याच वापरा, त्या बऱ्या असतात.